अकरा वर्षांची मुलगी, आठवड्याला पंधरा तास बॅडमिंटन : होकार द्यावा का?

कोर्टाबाहेर

मुलीला अकरा पूर्ण झाली आहेत. सध्या बॅडमिंटन आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन तास. शिवाय दोन दिवस तासभर पोहणं, आणि एक दिवस मोकळा. आता कोच म्हणताहेत की सहा दिवस, रोज अडीच तास करा आणि पोहणं सोडा, नाहीतर तेराव्या वर्षापर्यंत ती मागे पडेल. मुलीला खेळ मनापासून आवडतो, बॅचमधल्या मैत्रिणीही आवडतात. पण सहा दिवसांचं विचारलं की "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच उत्तर येतं.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचं हाड सुरू होतं त्या जागी दुखतं. उड्या मारल्यावर आणि जिना उतरताना जास्त. बोटाने दाबलं तर नेमकी तीच जागा दुखते आणि तिथे छोटा टेंगळासारखा उंचवटा आलाय. ती उजव्या हाताने खेळते. वर्षभरात उंची भराभर वाढली आहे. "वाढीचं दुखणं आहे, खेळता खेळता जाईल" असं बॅचवर सांगितलं जातं.

तिसरी गोष्ट, मॅच चालू असताना प्रत्येक चुकीनंतर ती आमच्याकडे बघते. हरली की घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलत नाही. अशा वेळी काय बोलावं, कधी बोलावं?

"मुलांवर दबाव टाकू नका" हे पटलेलंच आहे. आठवडा कसा आखायचा, कोचशी नेमकं काय बोलायचं आणि गुडघ्याचं काय करायचं, हे कुणी तपशिलात सांगितलं तर फार मदत होईल.

तासपट्टी

तिन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी गुडघा, मग तास. गुडघ्याबद्दल जाणकार लिहितीलच, मी तासांबद्दल लिहितो.

आज ८ + २ = १० तास होतात. प्रस्ताव १५ तासांचा आहे. वाढत्या मुलांसाठी वापरला जाणारा ढोबळ नियम असा : शिकवणीच्या आणि स्पर्धेच्या खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापलीकडे जाऊ नयेत. अकराव्या वर्षी अकरा तास. क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. नीरू जयंती आणि सहकाऱ्यांनी ७ ते १८ वर्षांच्या सुमारे १२०० मुलांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ही मर्यादा ओलांडणाऱ्या मुलांत अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त आढळल्या. त्याच अभ्यासातला दुसरा मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. शिस्तीतला सराव आणि मोकळं हुंदडणं यांचं प्रमाण दोनास एकच्या वर गेलेल्या मुलांतही दुखापती जास्त होत्या. दहा तास सराव असेल तर पाच तास तरी कुणी शिट्टी न वाजवता खेळायला मिळायला हवेत. पंधरा तास सराव, शाळा आणि झोप यांतून ते साडेसात तास निघतील का, हे कागदावर मांडून बघा. सहा ते बारा वयाला झोपच ९ ते १२ तास लागते, ती आधी बाजूला काढा आणि मग उरलेल्या वेळाचं वाटप करा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१६ च्या शिफारशीही उपयोगी आहेत. आठवड्यातून एक ते दोन दिवस पूर्ण सुट्टी. वर्षात एकूण तीन महिने त्या विशिष्ट खेळातून बाहेर, तेही एकेका महिन्याचे तुकडे करून. आणि एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवावं. तीन महिने ऐकून कोच दचकतील, पण त्या महिन्यांत पोहणं, धावणं, दुसरा कुठलाही खेळ चालतो.

तास मोजणं पुरेसं नाही, ताणही मोजा. पद्धत सोपी आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलीला विचारा, आज किती दमलीस, ० ते १० मध्ये सांग. त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. १२० मिनिटं आणि दमणूक ६, तर ७२०. चार दिवसांचे २८८०. पोहण्याची दमणूक ४ धरली तर ६० × ४ × २ = ४८०. आठवड्याची बेरीज ३३६०. कोचच्या प्रस्तावात १५० × ६ × ६ = ५४००. म्हणजे एका सोमवारपासून शरीरावरचा भार सव्वा-दीडपट नाही, १.६ पट. आणि पोहण्यात गुडघ्यावर आदळआपट नसते; नुसतं बॅडमिंटन बघितलं तर २८८० चे ५४००, जवळपास दुप्पट. दुखऱ्या गुडघ्यासाठी हाच आकडा खरा. एकदम उडी मारणारे आठवडे दुखापती घेऊन येतात. साधारण दहा टक्क्यांच्या टप्प्याने वाढवणं हा सावध मार्ग. स्पर्धेचा आठवडाही याच वहीत लिहा. एका दिवसात तीन मॅच झाल्या तर त्या आठवड्यातले दोन सराव वजा करायचे असतात, आणि बहुतेक घरांत ते होत नाही.

गुडघा शांत झाल्यावर मी असा आठवडा सुचवीन : बॅडमिंटनचे चार नेहमीचे दिवस, पाचवा दिवस फक्त सव्वा तासाचा आणि तोही उड्यांशिवाय, पोहणं एक दिवस, एक दिवस कोरा. बेरीज सव्वादहा तास. दोन जड सराव लागोपाठच्या दिवशी नकोत. हे सहा आठवडे करून बघायचं आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी तिघांनी बसून ठरवायचं.

कोचशी बोलताना "आम्हाला जमणार नाही" अशी सुरुवात केलीत तर चर्चा तिथेच संपते. वेळ मागून घ्या, मॅचच्या दिवशी नको, आणि हे विचारा : वाढीव सात तासांत काय शिकवणार? एका कोर्टवर किती मुलं असतात? आठ असतील तर एका वेळी चारच खेळतात, दोन तासांपैकी एक तास रांगेत उभं राहण्यात जातो. त्याऐवजी चार मुलांची एक लहान बॅच मिळाली तर तास न वाढवता शटलला लागणारे हात दुप्पट होतील. पुढच्या तीन महिन्यांत तिच्या खेळातली कोणती दोन कौशल्यं सुधारायची? दुखत असेल तेव्हा तुमच्याकडे काय पद्धत आहे? चांगल्या कोचकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात आणि त्यांना असे पालक आवडतात. उत्तरात फक्त "बाकीची मुलं करतातच ना" आलं, तर तेही एक उत्तर आहे.

"तेराव्या वर्षापर्यंत मागे पडेल" याबद्दल. या वयातले निकाल कोण लवकर उंच झालं यावर बरेच अवलंबून असतात. कॅनडात आइस हॉकीच्या निवडीवर १९८५ मध्ये बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वयोगटाच्या वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडक संघांत फार जास्त असतात. दहा-अकरा महिन्यांचा फरक त्या वयात "गुणवत्ता" वाटतो. तुमच्या मुलीची जन्मतारीख वयोगटाच्या कटऑफपासून किती लांब आहे ते बघा, म्हणजे तिचे निकाल नीट वाचता येतील.

सांधेजोड

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. तपासल्याशिवाय निदान होत नाही, पण वय, जागा, उंचवटा आणि उडी मारताना दुखणं हे सगळं ऑसगुड-श्लॅटर या त्रासाशी जुळतं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीतून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकावरच्या उंचवट्याला चिकटतो. वाढत्या वयात ती जागा पक्कं हाड नसते, कूर्चा असते. हाडं वेगाने लांब होतात, स्नायू त्या मानाने ताठ राहतो, आणि प्रत्येक उडी, प्रत्येक लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) त्या कोवळ्या जागेला ओढतो. मुलींत साधारण १० ते १३, मुलांत १२ ते १५ हे वय. बॅडमिंटनमध्ये उजव्या हाताची खेळाडू नेटवर जाताना उजवाच पाय पुढे टाकते, म्हणून उजवा गुडघा.

"खेळता खेळता जाईल" यातलं "जाईल" बरोबर आहे. वाढ-चकती (हाड जिथून लांब होतं तो कूर्चेचा थर) मिटली की बहुतेकांचं दुखणं जातं. पण त्याला कधी कधी वर्ष-दोन वर्षं लागतात आणि तोवर दुखणं दाबून खेळलं तर ते चिघळत राहतं.

घरी वापरायचा नियम. दुखणं ० ते १० मध्ये मोजायला शिकवा. खेळताना ३ पर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत, तर सराव चालू. ४ किंवा ५, किंवा दुसऱ्या सकाळी जास्त दुखतंय, तर पुढच्या सरावातून उड्या आणि खोल लंज काढा. लंगडणं दिसलं तर त्याच मिनिटाला थांबायचं, मग आकडा काहीही असो. खेळायच्या आधी वेदनाशामक गोळी देऊ नका. दुखणं हाच इथे मोजमापाचा काटा आहे, तो बंद पाडला तर किती ओढ बसतेय हे कळायची सोयच राहत नाही.

व्यायाम : भिंतीला पाठ टेकून अर्धं बसणं, गुडघे जेमतेम साठ अंशांत, ३० ते ४५ सेकंद धरून ठेवणं, पाच वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. आठवड्यातून चार दिवस. दुखणं ३ च्या वर गेलं तर थोडं वर सरकायचं, म्हणजे गुडघा कमी वाकेल. दोन-तीन आठवड्यांनी खुर्चीतून हळू उठबस, खाली जाताना तीन सेकंद मोजत, १० च्या तीन फेऱ्या. पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि टाचा उचलणं जोडीला. मांडीचा पुढचा भाग ताणण्याचा व्यायाम दुखण्याच्या ऐन काळात जोर लावून करू नका. टाच मागे खेचली की ओढ नेमकी त्याच दुखऱ्या जागेवर येते. खेळून आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं, आराम वाटत असेल तर. वाटीखाली बांधायच्या पट्ट्याने काहींना बरं वाटतं, पण तो बांधला म्हणून भार वाढवायचा नाही.

आता जे विसरू नये ते. या वयात गुडघा दुखतोय असं मूल सांगतं आणि बिघाड खुब्यात असतो. मांडीच्या हाडाचं वरचं टोक वाढ-चकतीवरून घसरण्याचा एक आजार याच वयात होतो आणि त्याची कळ गुडघ्यात किंवा मांडीत जाणवते. लंगडणं, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं राहणं, खुबा आत वळवताना दुखणं, यापैकी काही असेल तर मुलीला चालवत नेऊ नका आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाऊन खुब्याचा एक्स-रे करून घ्या. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्ण गुडघा सुजणं, गुडघा अडकणं, ताप, हीसुद्धा लगेच दाखवायची लक्षणं. उडी मारताना "कट" असा आवाज होऊन पाय सरळच करता येईना, तर ती तातडीची वेळ. तो उंचवटा हाडापासून तुटून निघालेला असू शकतो.

दर तीन महिन्यांनी उंची मोजा. सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीला टाचा टेकवून, डोक्यावर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर वाढली म्हणजे वर्षाला आठचा वेग. त्या काळात उड्यांची संख्या वाढवायची नाही. मुलींचा हा वेग साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, पाळी सुरू होण्याच्या आधी, सर्वांत जास्त असतो. मुलांचा चौदाच्या आसपास. याच मुलांना टाचेच्या मागच्या बाजूलाही असंच दुखू शकतं, कारण तिथेही स्नायू कोवळ्या कूर्चेला ओढतो.

वॉर्म-अपवर वेळ घालवायला कोच कुरकुरत असतील तर एक आकडा द्या. लहान मुलांच्या फुटबॉलसाठी तयार केलेल्या "११ प्लस किड्स" या १५-२० मिनिटांच्या वॉर्म-अपची युरोपातल्या चार देशांत चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दुखापती ४८ टक्क्यांनी कमी दिसल्या. त्यातला गाभा कुठल्याही खेळात चालतो : एका पायावर तोल, उडीनंतर मऊ उतरणं, उतरताना गुडघा आत न पडू देणं.

कोर्टाबाहेर

खूप नेमकं लिहिलंत, आभार. आज विचारलं तर सरावात ५ म्हणाली, सकाळी २. लंगडत नाही, पाऊल सरळ आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर सराव पूर्ण बंद ठेवायचा का? आणि बॅचवर "नाटक करते" असं कुणी म्हणू नये म्हणून काय करावं?

सांधेजोड

पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. खुब्याची ती लक्षणं नाहीत, तर दोन आठवडे उड्या, जंप स्मॅश, नेटवरचे खोल लंज, दोरीच्या उड्या आणि डकवॉक (उकिडवं बसून चालणं) बंद. सर्व्हिस, उभ्याने ड्राइव्ह, मनगटाचा सराव, अर्ध्या कोर्टवर हळू रॅली, डबल्समध्ये जागा घेणं हे चालू. एका कागदावर दोन रकाने करा, "चालेल" आणि "नको". खाली तारीख घाला आणि कोचच्या हातात द्या. "गुडघा दुखतोय, सांभाळून घ्या" एवढंच सांगितलं तर प्रत्येक ड्रिलच्या वेळी मुलीला स्वतः नाही म्हणावं लागतं, आणि अकराव्या वर्षी ते फार अवघड असतं. कागद असला की नाही म्हणायचं ओझं तिच्यावर राहत नाही. डॉक्टर तपासतील तेव्हा त्यांच्याकडूनच तो कागद पक्का करून घ्या.

दोन आठवड्यांनी आकडा ३ च्या खाली असेल तर आधी लंज परत आणा, आठवडाभराने उड्या. दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं तर कशाने दुखलं ते कळत नाही.

मागची_ओळ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

प्रत्येक चुकीनंतर ती तुमच्याकडे बघते, म्हणजे चूक किती मोठी होती याचा निकाल तुमच्या चेहऱ्यावर शोधते. तुम्ही रागावता असं मुळीच नाही. ओठ आवळले, कपाळाला हात लावला, तरी पुरतं. पहिला उपाय जागेचा. कोर्टच्या टोकाला, तिच्या नजरेसमोर बसू नका. बाजूला, चार-पाच रांगा मागे बसा. खुणा करणं, "पाय, पाय!" असं ओरडणं बंद. बॅडमिंटनच्या नियमांतसुद्धा शटल खेळात असताना बाहेरून सूचना द्यायला परवानगी नाही. २१ गुणांच्या गेममध्ये ११ वर मिळणारे ६० सेकंद आणि दोन गेममधले १२० सेकंद हे कोचचे आहेत. त्या वेळात आईबाबांचा तिसरा आवाज आला तर मूल कुणाचंच ऐकत नाही. टाळी मात्र वाजवा, आणि समोरच्या मुलीच्या चांगल्या फटक्यालाही वाजवा.

त्याआधी एक प्रश्न तिला मोकळेपणी विचारा : आम्ही मॅचला यायला हवं आहे का? काही मुलांना एकच पालक हवा असतो, काहींना फक्त शेवटच्या मॅचला. जे सांगेल ते मान्य करायचं, का म्हणून विचारायचं नाही.

हरल्यानंतरचा परतीचा रस्ता हा शिकवायचा वेळ नव्हे. ती गप्प आहे तर तुम्हीही गप्प बसा, फक्त ती शांतता रुसव्याची नसावी. पाणी द्या, खायला द्या, नेहमीचं गाणं लावा. बोलायचंच असेल तर "तुला खेळताना बघायला आवडलं" इतकं पुरे. रडली तर रडू द्या. "जाऊ दे गं, पुढच्या वेळी जिंकशील" हे मायेने म्हटलं तरी तिच्या कानावर "जिंकणं महत्त्वाचं" एवढंच पडतं. पंचांना, ड्रॉला, प्रतिस्पर्ध्याच्या वयाला दोष देणं तर अजिबात नको. त्यातून ती कारणं शोधायला शिकते.

जिंकल्यावर काय होतं तेही तपासा. जिंकली की बाहेर जेवण, आजी-आजोबांना फोन, फोटो. आणि हरली की थेट घर. ही तफावत मुलं कुठल्याही भाषणापेक्षा लवकर वाचतात. दोन्ही दिवसांची संध्याकाळ सारखीच ठेवा.

मॅचबद्दल बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही तिने विषय काढला तर. प्रश्न स्कोअरवर नको. मॅचच्या आधी तिला दोन गोष्टी स्वतः निवडू द्या, ज्या तिच्या हातात आहेत : लहान सर्व्हिस नेटच्या वर वीतभरापेक्षा उंच जाऊ न देणं, प्रत्येक फटक्यानंतर मध्यावर परतणं. दुसऱ्या दिवशी तिनेच त्या दोहोंना दहापैकी गुण द्यायचे. ०–२१ ने हरूनही सर्व्हिसला ८ मिळू शकतात, आणि कोचकडे न्यायला तो आकडा स्कोअरपेक्षा जास्त कामाचा.

जिंकण्याला मुलं किती महत्त्व देतात याचा अंदाज आपण मोठी माणसं चुकवतो. अमांडा व्हिसेक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना, कोचना आणि पालकांना विचारून खेळातल्या आनंदाची ८१ कारणं गोळा केली आणि त्यांचा क्रम लावला. जिंकणं ४८ वं आलं. पूर्ण जीव लावून खेळणं, कोचने आदराने वागवणं, संघातल्यांशी चांगलं जमणं ही वरच्या भागात होती.

"तुम्ही म्हणाल तसं" या उत्तराला होकार समजू नका. कोचसमोर किंवा दोन्ही पालकांसमोर विचारलेल्या हो-नाहीच्या प्रश्नाला या वयात असंच उत्तर येतं. एकटी असताना, चालता चालता, दोन पर्याय द्या जे तुम्हाला दोन्ही चालतील : चार दिवस आणि दोनदा पोहणं, की पाच दिवस आणि एकदा पोहणं? आणि थांबायची तारीख आधीच सांगा, म्हणजे निवडलेलं बदलता येतं हे तिला कळेल.

रॅलीवाला

तासपट्टी यांच्या हिशोबाशी सहमत, पण एका गोष्टीवर माझं मत थोडं वेगळं आहे. रॅकेटच्या खेळात हाताचं कसब लहानपणी फार पटकन बसतं आणि अकरावं वर्ष त्यासाठी उत्तम आहे. त्यामुळे शटलला हात लावायचा वेळ वाढला तर मला वाईट वाटत नाही. वाढता कामा नये तो पायांवरचा भार. रोज १५ मिनिटं भिंतीवर शटल खेळणं, पन्नास लहान सर्व्हिस, फोरहँड-बॅकहँड ग्रिप बदलण्याचा सराव, हे स्वतःहून, शिकवणीशिवाय केलं तर त्यातून कौशल्य वाढतं आणि गुडघ्याला काही कळतही नाही. फक्त त्याची हजेरी लावू नका. हजेरी लावलीत की तीही शिकवणीच झाली.

पोहणं सोडू नका. जाँ कोते यांच्या क्रीडाविकासाच्या मांडणीत सहा ते बारा हा वेगवेगळे खेळ चाखून बघायचा काळ आहे, निवड त्यानंतर. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर निवड होते; बॅडमिंटनमध्ये तितकी घाई नसते.

साहित्य एकदा तपासून घ्या, कारण काही दुखणी तिथून येतात. या वयाला ४यू म्हणजे ८०–८४ ग्रॅम किंवा ५यू म्हणजे ७५–७९ ग्रॅम वजनाची रॅकेट, पकड जी५ (मुठीच्या जाडीचं माप), तारांचा ताण १८ ते २१ पौंड. मोठ्या खेळाडूंचं बघून २६ पौंड ताणून घेतात, त्याने फटका नीट बसायची जागा आक्रसते आणि चुकलेला प्रत्येक फटका मनगट-कोपराला हादरा देतो. बूट कोर्टचेच हवेत, गम सोलचे. धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला पाय टाकताना घोटा मुरगळतो. पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा, मोजे घालून, संध्याकाळी मापायची. "वाढतं पाऊल" म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर लंजमध्ये पाऊल आत घसरतं आणि नख काळं पडतं. तीन महिन्यांनी उंची मोजाल तेव्हाच बूटही बघा.

तासपट्टी

शटल घरी हाताळण्याचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. लवकर स्पर्धेत न उतरवण्याबद्दल एक भर : नॉर्वेच्या बालक्रीडा नियमांत अकराव्या वर्षाआधी निकालांच्या याद्या आणि क्रमवारी नाही, आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. तरी २०१८ आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतालिकेत हाच देश वर होता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण "तेराव्या वर्षापर्यंत मागे पडेल" हे कोचचं विधान मात्र टिकत नाही.

मागची_ओळ

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून. तास वाढवा किंवा नका वाढवू, पण सराव पालकांना बघता येतो का, हे विचारा. दार बंद करून एकटीला थांबवणं, कोचने मुलीला खासगी मेसेज करणं, बाहेरगावच्या स्पर्धेला एकट्या मोठ्या माणसाबरोबर एका खोलीत राहणं, यांतलं काहीही चालवून घेऊ नका. कोच कितीही नावाजलेला असो. मेसेज पालकांच्या गटावर यावेत. मुलीच्या वजनावर कुणी शेरा मारला तर त्याच दिवशी थांबवा. वाढीच्या वयात कमी खाऊन जास्त खेळलं की आधी थकवा आणि वारंवार सर्दी-खोकला, मग पाळी लांबणं, मग हाडांना तडे, अशी साखळी लागते.

आणि सराव असतो त्याच दिवशी पोटात दुखणं, झोप मोडणं, आवडत्या मैत्रिणींना टाळणं असं काही आठवडे दिसलं तर दोन आठवडे पूर्ण सुट्टी देऊन बघा. सुट्टीत स्वतःहून रॅकेट हातात घेते का, यावरून बरंच समजतं.

कोर्टाबाहेर

कागदाचे दोन रकाने आज केले, कोचनी ते शांतपणे वाचून घेतले. पोहणं चालू ठेवतोय. गुडघा दुखताना पोहण्यात काही टाळायचं का?

सांधेजोड

हो. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ काही आठवडे नको, त्यात गुडघा वाकून बाहेर फिरतो आणि झटक्याने सरळ होतो. फ्रीस्टाइल आणि बॅकस्ट्रोक चालतील, लाथ लहान आणि खुब्यातून. तरीही दुखलं तर मांड्यांमध्ये पुल-बॉय (तरंगणारा फोमचा ठोकळा) धरून फक्त हातांनी पोहायचं. टोकाला वळताना भिंतीला जोरात पाय मारून सुटणं म्हणजे पाण्यातली उडीच, म्हणून तिथे थांबून हलकेच सुटायला सांगा. कठड्यावर चढताना दुखऱ्या गुडघ्यावर टेकू नये, शिडी वापरायची.